हंबीररावांचा लोखंडी कोलू

"अय्या, ही किती गोड आहे!" असं वरच्या मजल्यावरची स्वरदा म्हणाली मात्र, आणि कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, चौथ्या पायरीवरची दहीवाली बाहुली जागच्या जागी कलली, कडेवरून घसरली आणि फरशीवर आपटून तिचे तीन तुकडे झाले. डोक्यावरचं मडकं तेवढं घरंगळत सोफ्याखाली गेलं.

स्वरदाच्या हातात सुंडलची, म्हणजे खोबरं घालून परतलेल्या हरभऱ्यांची, वाटी तशीच राहिली. "काकू, मी हात नाही हो लावला," ती घाबरून म्हणाली.

"असूं दे, असूं दे. मातीचंच तें," सरोजाबाई म्हणाल्या आणि तुकडे गोळा करायला वाकल्या. पण त्यांनी स्वरदाकडे पाहिलं नाही. एरवी ती जायला निघाली की तिच्या ओंजळीत विड्याची पानं, हळकुंड, केळं आणि वर एखादं संत्रं कोंबायच्या. आज नुसतं पान-सुपारीवर भागवलं.

ती वर गेल्यावर दार लोटून घेत राजसबाई म्हणाल्या, "तिसरी. मी मोजली."

राजसबाई म्हणजे हंबीररावांची थोरली बहीण. नवरात्रासाठी आणि त्यानंतरच्या भाचीच्या बांगड्यांच्या समारंभासाठी तंजावरहून आल्या होत्या. त्यांच्या मोजण्यात चूक नव्हती. रविवारी हत्ती पडला, तेव्हा स्वरदा समोर उभी होती. सोमवारी बँडवाल्यांतला ढोलवाला पडला, तेव्हाही तीच. आज मंगळवार, आणि आज तर तिनं तोंडानं कौतुकही केलं होतं.

"सरोजा, एक सांगूं कां? ती पोर वाईट आहे म्हणत नाहीं मी. पण तिच्या पोटचं गेलेलं आहे. भरला कोलू बघते, भरल्या पोटाची नंदिता बघते. ती मुद्दाम करत नाहीं, पण दृष्ट लागते ती लागतेच."

"आत्या, प्लीज!" नंदिता आतून ओरडली. नंदिता म्हणजे हंबीररावांची एकुलती एक लेक, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. नववा महिना नुकताच लागला होता आणि पाय सुजले म्हणून ती उशीवर पाय टाकून पडली होती. "एन्ना, काय हे? असं कोणी बोलतं कां?"

सरोजाबाई काहीच बोलल्या नाहीत, हेच वाईट होतं. त्यांचे यजमान हंबीरराव समोर पेपर धरून बसले होते. त्यांना वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण बायकांच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही, हा तीस वर्षांच्या संसारातला त्यांचा एकमेव सिद्धांत होता, आणि तो त्यांना फार सोयीचा पडत असे. त्यांनी पान उलटलं.

खरं तर स्वरदा त्यांना पोटच्या पोरीसारखी होती. दोन वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा पुष्कर नाशिकहून इकडे दक्षिणेत येऊन वेस्ट मांबलमच्या या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले. पाटीवर 'हंबीरराव' वाचून तिनं बेल वाजवली आणि "तुम्ही मराठी?" असं विचारलं. सरोजाबाई म्हणाल्या, "होय बा, आम्हीं मराठीच," आणि तंजावरी वळणाचं ते मराठी ऐकून पोरगी खुदकन हसली. तेव्हापासून ती इथलीच झाली. याच जूनमध्ये तिचं पाच महिन्यांचं पोटातलं बाळ गेलं, तेव्हा माहेरची माणसं यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस आणि पुढचे पंधरा दिवस मिऱ्याचं रसम आणि भात वर गेला तो सरोजाबाईंच्या हातून. आणि आता त्याच सरोजाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

हंबीरराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात कामाला होते. तिथं गाड्यांचे आरसे, दिवे, हॉर्न आणि ते सगळं धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या बनत. लोक वस्तू बनवायचा पगार घेतात, हंबीरराव मोडायचा घेत. त्यांच्या खोलीत एक थरथरणारं टेबल होतं. नवी पट्टी आली की ती त्यावर घट्ट बसवायची आणि टेबल आधी हळू, मग जलद, मग आणखी जलद हलवत न्यायचं. सेकंदाला वीस वेळा हलवलं तरी पट्टीला काही वाटत नाही. तीसला नाही, चाळीसलाही नाही. आणि त्रेचाळीस आलं की तीच पट्टी अंगात आल्यासारखी थडथडायला लागते. धक्का वाढलेला नसतो, तेवढाच असतो. फक्त तो तिच्या स्वतःच्या तालात पडत असतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर बोट लावलं तर एवढंसं पोर मोठ्या माणसाला उंच झुलवतं, तसं.

"प्रत्येक वस्तूचा एक आकडा असतो," हंबीरराव नव्या इंजिनिअरांना सांगत. "तो सांपडला कीं ती तुमच्या हातांत." मग टेबल त्या आकड्यावर धरून ठेवायचं आणि पट्टी कितव्या तासाला तुटते ते कागदावर लिहायचं. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. इंजिनिअर बदलले, टेबल दोनदा बदललं, हंबीरराव तेच राहिले. बढती एकदाच मिळाली. घरी या कामाची कीर्ती एवढीच, की कप फुटला तरी सरोजाबाई म्हणायच्या, "हे घरीं आणतात आपलं ऑफिस."

म्हणून या वर्षी, २००६ साली, त्यांनी काहीतरी बनवून दाखवलं. दर नवरात्रात कोलूसाठी ट्रंका, तांदळाचे डबे आणि सरोजाबाईंच्या माहेरच्या सागवानी फळ्या एकमेकांवर रचायच्या, वर पांढरं वेष्टी, म्हणजे धोतर, पसरायचं आणि त्यावर बाहुल्या मांडायच्या, असा रिवाज होता. त्यात दोन दिवस आणि एक कंबर जायची. यंदा हंबीररावांनी भोकांचे लोखंडी अँगल आणले, स्वतः मोजमाप घेतलं, कापले, रंगवले आणि नट-बोल्ट लावून चांगल्या नऊ पायऱ्यांचा सांगाडा उभा केला. उंच, देखणा, भिंतीला टेकून. इमारतीतला प्रत्येक माणूस बघून गेला. हंबीरराव प्रत्येकाला सांगत होते, "यावर हत्ती बसला तरी हलणार नाहीं." आणि रविवारी पहिला पडला तो हत्तीच. मातीचा का होईना.

बुधवारी संध्याकाळी हंबीरराव जिना चढत होते. वळणावर त्यांना आपलं दार दिसलं. दारात स्वरदा उभी होती, ऑफिसची ओळखपत्राची दोरी अजून गळ्यात, हातात केळीच्या पानात बांधलेला मोगरा. आणि उंबऱ्याच्या आत सरोजाबाई, एक हात चौकटीला लावून.

"नंदिता निजली आहे. बरं नाहीं तिला," सरोजाबाई सांगत होत्या. त्यांनी फुलं घेतली आणि "आंत ये" म्हटलं नाही. नेमकी तेव्हाच आतून नंदिता टीव्ही बघून खळखळून हसली.

स्वरदा वळली. जिन्यात हंबीररावांना बघून तिनं हसायचा प्रयत्न केला. "बाहुल्यांसाठी फुलं आणली होती, काका," ती म्हणाली. हंबीररावांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. एवढंच त्यांना सुचलं. त्या रात्री ते अर्धंच जेवून उठले आणि पुन्हा पेपर उघडून बसले.

गुरुवारी नंदिताला दवाखान्यात दाखवायचं होतं. सरोजाबाई आणि राजसबाई दोघी तिच्याबरोबर निघाल्या. पण कोलूपुढचा दिवा एकटा सोडायचा नाही, म्हणून हंबीररावांनी अर्धी रजा टाकली आणि दिव्यात तेल घालत घरी बसले. दुपारचे अडीच वाजले होते. घरात ते आणि एकशे चाळीस बाहुल्या, बाकी कुणी नाही.

आधी त्यांचं लक्ष कलशाकडे गेलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठली होती. मग वरच्या पायरीवरचे लाकडी राजा-राणी एकमेकांकडे माना डोलवायला लागले. बघता बघता सगळा सांगाडा डावीकडे-उजवीकडे झुलू लागला. बोटभरसुद्धा नाही, पण हंबीररावांच्या नजरेला तेवढं पुष्कळ होतं. चौथ्या पायरीवरचा शेट्टी आपल्या धान्याच्या दुकानासकट कडेकडे चालत निघाला. हंबीररावांनी झेप घेऊन त्याला धरलं.

आणि शेट्टीला छातीशी धरून त्यांनी वर छताकडे पाहिलं. वरून एक आवाज येत होता. घुंऽऽ असा चढत जाणारा. तो आणखी चढला, आणि सांगाडा आपोआप शांत झाला. पाच मिनिटांनी आवाज उतरायला लागला, आणि उतरता उतरता त्याच जागी आला तेव्हा बाहुल्या पुन्हा एकदा थरथरल्या.

हंबीरराव खुर्चीवर बसले. सत्तावीस वर्षं रोज आठ तास जे डोळ्यांनी पाहिलं, ते आपल्याच घरात ओळखायला चार दिवस लागले होते. तिरकी पट्टी! चौकोनी सांगाड्याला मागून तिरकी पट्टी मारली नाही तर तो झुलतो, हे कारखान्यातला कालचा पोरगाही सांगेल. पायऱ्या छान दिसाव्यात म्हणून त्यांनी ती मारलीच नव्हती. "गाढव," ते मोठ्यानं म्हणाले. दिव्याशिवाय कुणी ऐकलं नाही. तो मात्र विझू नये म्हणून त्यात त्यांनी तेल घातलं आणि दोन मिनिटांसाठी वर गेले.

दार पुष्करनं उघडलं. त्याची रात्रपाळी होती. "काका, वॉशिंग मशीनचा आवाज येतो का खाली? सॉरी हां. ओरगडमला आमच्या प्लँटचं बांधकाम चालू आहे ना, सगळी लाल माती. युनिफॉर्म तीन-तीन किलोचे होतात."

"नेहमीं दुपारींच लावतां कां?"

"नाही हो, एरवी स्वरदाच लावते. साडेसहाला टाकीत पाणी चढतं, ती आली की मशीन लावते आणि तुमच्याकडे खाली येते. पाऊण तासानं त्याचं ते पिळतं." पुष्कर थांबला. "काल नाही लावलं. जेवलीही नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, आपण दुसरीकडे घर बघू या का. काका, काही झालं का हो खाली?"

"सरि, सरि, बरं, बघतों मी," असं काहीतरी म्हणून हंबीरराव उतरले.

बायका परत यायच्या आत त्यांनी माळ्यावरून उरलेल्या दोन पट्ट्या काढल्या, सांगाड्याच्या मागे घुसून त्या तिरक्या आवळल्या आणि वर वेष्टी सारखं केलं. वीस मिनिटांचं काम. हातानं हलवून पाहिलं, सांगाडा जागचा हलला नाही. झालं! आता बाहुल्या पडणार नाहीत, बोलणं आपोआप विसरलं जाईल, आणि चूक कुणाची हे कुणाला सांगायची पाळी येणार नाही. ज्या सांगाड्याची एवढी टिमकी वाजवली, तोच बाहुल्या फोडत होता, हे राजसअक्कासमोर सांगायचं म्हणजे जन्मभराची चेष्टा. हंबीरराव वाईट माणूस नव्हते. फक्त लाजले.

शुक्रवारी संध्याकाळी वरून घुंऽऽ आवाज आला. हंबीरराव कोलूपुढे जाऊन उभे राहिले. एक बाहुली हलली नाही. शनिवारीही नाही.

शनिवारी सुंडल परतता परतता सरोजाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बघितलंत? ती यायची राहिली, बाहुल्या पडायच्या राहिल्या. अक्का म्हणत होती तें खरंच कीं."

हंबीररावांनी हातातला पेला खाली ठेवला. जेवणानंतर सरोजाबाई नंदिताच्या बांगड्यांच्या समारंभाला कुणाकुणाला बोलवायचं याची यादी करायला बसल्या. नवव्या महिन्यात सगळ्या सुवासिनींनी येऊन लेकीच्या हातात काचेच्या बांगड्या भरायच्या, तो सोहळा पुढच्या शुक्रवारी होता. तळमजल्याची दोन घरं, पहिल्या मजल्याचं समोरचं घर. दुसऱ्या मजल्यावर, स्वरदाच्या नावापाशी, पेन्सिल थांबली, आणि सरोजाबाईंनी डोळे पुसले. त्यांनाही ते सुखानं होत नव्हतं. पण पोटात लेकीचं भय होतं, आणि भयापुढे शहाणपण चालत नाही. पेन्सिल एकदम तिसऱ्या मजल्यावर गेली.

हंबीररावांना आपली स्वतःचीच शिसारी आली. त्यांनी सांगाडा दुरुस्त केला होता आणि स्वरदावरचा आळ पक्का केला होता.

रविवारी आयुधपूजा होती. त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन, गंध-फुलं लावून कोलूपुढे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्यांना कामासाठी हात लावायचा नाही. सरोजाबाईंनी सुरी, कात्री, किसणी मांडली. नंदितानं आपला कॅल्क्युलेटर ठेवला. हंबीरराव आपला बारा नंबरचा पाना घेऊन आले, आणि तो पाटावर ठेवण्याऐवजी कोलूच्या मागे शिरले.

"अहो! आज पान्याला हात लावायचा नाहीं!"

"पूजा अजून झाली नाहीं. झाली कीं नाहीं लावत," वेष्टीमागून आवाज आला. दोन्ही तिरक्या पट्ट्या काढून, कपाळाला धूळ लावून ते बाहेर आले. "सरोजा, बस जरा. अक्का, तूंही. बाहुल्या स्वरदानं पाडल्या नाहींत. मी पाडल्या."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेट्टी, कलश, मशीन, पट्ट्या. राजसबाई म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर कपडे पिळले तर खालच्या मजल्यावर बाहुली पडते? हंबीरा, उन्हांत फिरलास कां?"

सरोजाबाईंनी वेगळाच प्रश्न विचारला. "गुरुवारींच कळलं होतं? मग मज कां नाहीं सांगटलें?"

"लाज वाटली," हंबीरराव म्हणाले. "पोरीचं मन मोडलेलं दिसत होतं, तरी माझी लाज मोठी वाटली." तीस वर्षांत बायकोपुढे इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते.

"पटत नसेल तर बघा. स्वरदा आज घरांत नाहीं. तिच्या कंपनीचं कांहीं काम आहे, सकाळींच ऑफिसला गेली. वर एकटा पुष्कर आहे. त्या जागीं बाहुली ठेव."

"फुटेल तर? आज नवमी!" राजसबाई कळवळल्या.

सरोजाबाई उठल्या. त्यांनी पाचव्या पायरीवरची नवरी उचलली. लाल शालू, नाकात नथ, त्यांच्या आईनं त्यांना लग्नात दिलेली. ती त्यांनी चौथ्या पायरीवर, दहीवाली होती त्या जागी ठेवली आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घालून पदर दोन्ही हातांनी पसरून बसल्या. हंबीररावांनी खिडकीतून हाक मारली, "पुष्कर! लाव!"

हंबीररावांनी सांगून ठेवल्याप्रमाणे ओले युनिफॉर्म मशीनमध्ये तयारच होते. वर घुंऽऽ सुरू झालं. आधी काही नाही. नंदिता उठून भिंतीला धरून उभी राहिली. आवाज चढला, आणि कलशात वर्तुळं उठली. "बघा आतां," हंबीरराव पुटपुटले. "आला आकडा." सांगाडा झुलायला लागला. नवरी जरा वळली, बोटभर पुढे आली, आणखी बोटभर आली आणि तोल जाऊन सरोजाबाईंच्या पदरात पडली. त्यांनी तिला पदरासकट उचलून पोटाशी धरलं.

कुणीही समोर उभं राहून कौतुक केलं नव्हतं.

हंबीररावांनी पट्ट्या पुन्हा आवळल्या आणि पुष्करला पुन्हा सांगितलं. या वेळी नवरी जागची हलली नाही. मग त्यांनी पाना धुतला, गंध लावलं आणि पाटावर ठेवला. राजसबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "बाहुल्या पडतात म्हणून आमच्या धाकट्या जाऊला मी आठ वर्षं कोलूपुढें उभी राहूं दिली नाहीं. आमच्या गल्लींतून तेव्हां भाताच्या गिरणीचा पट्टा ऐकूं यायचा."

संध्याकाळी स्वरदाच्या चपलांचा आवाज जिन्यात ऐकू आला. सरोजाबाई पाठोपाठ वर गेल्या. हंबीररावही गेले, पण अर्ध्या जिन्यात थांबले.

स्वरदानं दार उघडलं. "काकू?" एवढंच म्हणाली. या म्हणाली नाही.

"आंत बोलावशील कां मज?" सरोजाबाईंनी विचारलं.

स्वरदा क्षणभर तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली. दार उघडंच राहिलं, त्यामुळे खाली सगळं ऐकू येत होतं. सरोजाबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या रीतीनं मशीनची हकिकत सांगितली आणि म्हणाल्या, "मीं तुज दारांतून परतवलें. फार मोठी चूक केली मीं. माझ्या लेकीला असं कोणी केलें असतें तर मीं त्याचं तोंड बघितलें नसतें."

स्वरदा म्हणाली, "काकू, मशीन सापडलं म्हणून तुम्ही आलात. आणि मशीन नसतं तर? एखादी बाहुली नुसतीच पडली असती तर?"

हंबीररावांनी कठडा घट्ट धरला. या प्रश्नाला त्यांच्याकडे पाना नव्हता.

"तर मी तशीच मूर्ख राहिली असती," सरोजाबाई म्हणाल्या. "आणि तूं घर सोडून गेली असतीस. दुपारपासून मज हेंच भय वाटतंय, स्वरदा. बाहुलीचं नाहीं." मग त्या म्हणाल्या, "मीं तेव्हां रसम-भात आणला. पण तुझ्या लेकराचं कांहीं विचारलें नाहीं. कसं विचारावं कळलें नाहीं. नांव ठेवलें होतेंस कां?"

"अथर्व," स्वरदा म्हणाली. "मुलगा झाला तर अथर्व असं ठरवलं होतं." आणि मग ती रडायला लागली. जूनपासून पहिल्यांदाच ती कुणासमोर मोठ्यानं रडत होती. हंबीरराव खाली निघून आले. त्यांचेही डोळे वाहत होते आणि त्यांनी ते पुसायची घाई केली नाही.

शुक्रवारी घर बायकांनी भरलं. नंदिता हिरवी साडी नेसून पाटावर बसली. पुढे परातीत लाल-हिरव्या बांगड्यांच्या राशी, पलीकडे चिंचभात, दहीभात, लिंबूभात असे पाच तऱ्हेचे भात. स्वरदा आली होती, पण दाराशी, चपलांच्या जवळ बसली होती. येईन, पण मागे बसेन, असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

सरोजाबाईंनी हळदी-कुंकू झाल्यावर मान वर केली. "स्वरदा, पुढें ये. पहिली बांगडी तूं भर."

कुजबूज झाली. समोरच्या घरातली बाई शेजारणीच्या कानाशी लागली. स्वरदानं मान हलवली, पण नंदितानंच हात पुढे केला. "वा ना, स्वरदा अक्का. माझे पाय दुखतात, लवकर ये."

स्वरदा पुढे येऊन बसली. हिरवी बांगडी घेऊन तिनं नंदिताच्या हातात सरकवायला घेतली. नववा महिना, हात सुजलेले. बांगडी बोटांच्या सांध्यांवर येऊन अडली. स्वरदानं हात थांबवला. "काकू, तुम्ही भरा. माझ्याच्यानं नाही."

"भर तूं. जरा दाब."

तिनं दाबली. कट्‌ असा बारीकसा आवाज झाला आणि बांगडीचे दोन तुकडे परातीत पडले.

वर मशीन चालू नव्हतं. स्वरदा उठायला लागली. दाराशी उभ्या असलेल्या हंबीररावांनी बायकोकडे पाहिलं. क्षणभर, एकच क्षण, सरोजाबाईंची नजर लेकीच्या पोटाकडे गेली. मग त्यांनी स्वरदाच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"वाढली तर वाढली," त्या म्हणाल्या. "काचेचीच ती. अक्का, तुकडे उचला, पोरींच्या पायांत जातील."

राजसबाईंनी खाली वाकून दोन्ही तुकडे उचलले आणि पदराच्या टोकात बांधून ठेवले. सरोजाबाईंनी परातीतून दुसरी बांगडी घेतली, जरा मोठ्या मापाची, आणि ती स्वरदाच्या हातात दिली.